पाण्यावरून वर चढलेला बाजार

बँकॉकमध्ये राजवाडा आणि बाजार यांचा जन्म एकाच वेळचा आहे. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजांनी अयुथ्या बेचिराख केली, तेव्हा सयामची गादी दक्षिणेला सरकून चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला आली. 1782 मध्ये पहिल्या राम राजाने ती नदीपलीकडे, पूर्व काठावर नेली. तिथे राजवाड्यासाठी जी जागा ठरली, तिच्यावर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला नदीच्या खालच्या अंगाला हलवण्यात आले. उठवलेल्या माणसांनी नव्या जागी पुन्हा दुकाने मांडली. ती सांपेंगची गल्ली आजही चालू आहे आणि राजवाडाही उभा आहे. दोहोंमध्ये चालत फार तर अर्ध्या तासाचे अंतर. परगावच्या पाहुण्याच्या खिशात ‘काय पाहायचे’ आणि ‘काय घ्यायचे’ अशा दोन वेगळ्या याद्या असतात. या शहरात त्या एकमेकींत मिसळतात.

राजवाड्याच्या तटबंदीतले सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे वाट फ्रा केव, हिरव्या बुद्धाचे मंदिर. नावाचा गाजावाजा ऐकून येणाऱ्याला मूर्ती पाहून प्रथम नवल वाटते, कारण ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीची आहे. एकाच हिरव्या दगडातून कोरलेली, उंच सोनेरी आसनावर बसलेली. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा लागताना तिचा पोशाख बदलतो आणि तो मान राजाचा असतो. देवळाभोवतीच्या ओवरीत रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 चित्रे भिंतीवर रंगवलेली आहेत. मारुतीला ब्रह्मचारी म्हणून ओळखणारा मराठी पाहुणा इथे थबकतो. या कथेतला पांढराशुभ्र हनुमान रावणाच्या मत्स्यकन्येवर भाळतो, तिच्याशी प्रेमसंबंध जोडतो आणि त्याबद्दल त्याला कुणी नावे ठेवत नाही.

राजवाड्यात शिरायचे तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दरवाजावरचे पहारेकरी यात सूट देत नाहीत, आणि म्हणूनच समोरच्या रस्त्यावर हत्तींच्या छापाच्या घोळदार विजारींचा धंदा तेजीत चालतो. कित्येकांची बँकॉकमधली पहिली खरेदी अशी नाइलाजाची असते. दुसरा धंदा मात्र सावधपणे टाळावा असा. नीटनेटक्या कपड्यातला कुणी माणूस अदबीने सांगतो की, राजवाडा आज बंद आहे, पण टुकटुकवाला अगदी थोड्या पैशांत दुसरी देवळे दाखवील. ती फेरी हमखास एखाद्या रत्नांच्या दुकानापाशी थांबते. राजसोहळ्यांचे मोजके दिवस वगळले तर राजवाडा रोज सकाळी उघडतो. बंद आहे की नाही, ते थेट दरवाजावर जाऊन पाहावे.

शेजारच्या वाट फोमध्ये आडवा पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. त्याच्याभोवती इमारत इतकी घट्ट बसवली आहे की तो एका नजरेत मावत नाही. खांबांच्या फटींतून आधी चेहरा, मग कोपर, मग तळपाय असा तुकड्यातुकड्यांनी दिसतो. तळपायांवर शिंपल्यांच्या चकाकत्या कामात 108 शुभचिन्हे आहेत. मागच्या भिंतीलगत 108 कांस्यपात्रांची रांग आहे. भाविक प्रत्येकात एकेक नाणे टाकत पुढे सरकतात आणि दालनभर त्याचा बारीक किणकिणाट चालू राहतो. पारंपरिक थाई मर्दनाची शाळा याच आवारात आहे, तेव्हा दिवसभर चाललेल्या पायांची सोयही इथे होते.

समोर नदी, आणि पलीकडच्या काठावर वाट अरुण हे देऊळ. था तिएनच्या धक्क्यावरून होडी काही मिनिटांत पार नेते. देवळाचे उंच शिखर जवळ जाऊन पाहिले तर फुले, पाने, वेली सगळे चिनी मातीच्या फुटक्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांतून घडवलेले दिसते. ही भांडी चिनी गलबतांतून आली. व्यापारात जे फुटले ते देवळाच्या अंगावर चढले. देऊळ आणि दुकान यांचे नाते इतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसेल.

नदीकाठाने खाली आले की पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार लागतो. तो रात्री भरात येतो. पूर्वी फुले होड्यांतून उतरत, आता ट्रकमधून उतरतात. दादरच्या फूलबाजारात वावरलेल्याला झेंडूचे ढीग आणि ओल्या गोणपाटाचा वास परका वाटणार नाही; मात्र कमळाच्या कळीची एकेक पाकळी बोटांनी आत दुमडत बसलेल्या बायका आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे रेखीव गजरे हे खास इथलेच. फुले घरी नेणे अवघड म्हणून पर्यटक हा बाजार यादीतून गाळतात, आणि शहरातली सर्वांत देखणी जागा त्यांच्या हातून निसटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शहराला गाडीरस्ते असे नव्हतेच; कालवे हेच रस्ते होते आणि दुकानांची तोंडे पाण्याकडे होती. तिथे राहणाऱ्या युरोपीय वकिलातींतल्या अधिकाऱ्यांनी चौथ्या राम राजाकडे तक्रार नेली की, घोडागाडीतून फिरायला रस्ता नसल्याने त्यांची प्रकृती बिघडते. 1864 मध्ये चारोएन क्रुंग हा आधुनिक धाटणीचा रस्ता पुरा झाला. मग एकामागून एक रस्ते आले, कालवे बुजत गेले, आणि दुकानांनी पाण्याकडे पाठ फिरवली.

त्याच सुमाराचा बामरुंग मुआंग रस्ता धार्मिक वस्तूंचा. माणसाहून उंच सोनेरी बुद्धमूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पदपथावर मांडलेल्या असतात, बाजूला भिक्षूंची भगवी वस्त्रे आणि दानाच्या भरलेल्या बादल्या. जवळच बान बात ही छोटी वस्ती. पोलादाचे आठ तुकडे जोडून, ठोकून भिक्षापात्र बनवणारी मोजकी घरे तिथे उरली आहेत. कारखान्यातल्या पात्रांनी त्यांचा धंदा केव्हाच खाल्ला. बँकॉकहून एकच वस्तू आणायची असेल, तर यंत्राचा हात न लागलेले हे पात्र आणावे. बुद्धमूर्तीचे तसे नाही: ती देशाबाहेर नेण्यासाठी ललित कला खात्याचा परवाना लागतो.

पुढे पाहुरात. इथे कापडाची ठाणी, साड्या, लेस आणि पंजाबी व्यापाऱ्यांच्या पेढ्या. मधोमध गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट. त्याला लागूनच सांपेंग. गल्ली इतकी चिंचोळी की दोन्ही बाजूंच्या दुकानांचा माल मधल्या माणसाच्या खांद्याला लागतो, आणि त्यातूनच हातगाड्या व स्कूटर वाट काढत असतात. बटणे, फिती, केसांच्या पिना, खेळणी असला माल डझनाच्या हिशेबाने विकला जातो. एकच नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार फारसे लक्ष देत नाही.

सांपेंगला समांतर असलेला याओवारात रस्ता सोन्याचा. लाल रंगात रंगवलेल्या पेढ्या ओळीने उभ्या. थाई दागिना 96.5 टक्के शुद्ध असतो, म्हणजे आपल्याकडच्या 22 कॅरेटपेक्षा सरस, आणि तोळ्याऐवजी ‘बात’ या वजनावर विकला जातो. दागिन्याचा एक बात 15 ग्रॅमहून किंचित जास्त भरतो. भाव सराफांची संघटना रोज जाहीर करते. त्यामुळे घासाघीस करायची ती फक्त घडणावळीवर. संध्याकाळी पेढ्यांची दारे ओढली जातात आणि त्याच पदपथावर खाण्याच्या गाड्या पेटतात.

याच रस्त्याच्या टोकाजवळ वाट त्राइमित आहे. तिथे गिलाव्याची एक साधी वाटणारी मूर्ती होती. 1955 मध्ये ती हलवताना गिलावा फुटला आणि आत सोने दिसले. सुमारे साडेपाच टन वजनाचा बुद्ध शत्रूच्या नजरेआड ठेवण्यासाठी कुणीतरी झाकला असावा, आणि झाकणाऱ्यांबरोबर ते गुपितही गेले. इतकी वर्षे सराफबाजाराच्या उंबऱ्यावर असूनही तो कुणाला कळला नाही.

5 डिसेंबर 1999 रोजी उन्नत रेल्वे सुरू झाली आणि बाजार तिसऱ्यांदा सरकला, या वेळी वरच्या दिशेने. सयाम स्थानकाभोवतीचे मॉल पुलांनी एकमेकांना जोडले गेले, इतके की गिऱ्हाइकाने जमिनीला पाय न लावता दिवस घालवावा. 1985 चे एमबीके मोबाइल आणि किरकोळ मालासाठी, 2005 चे सयाम पॅरागॉन उंची मालासाठी. दोन्ही थंडगार, दोन्ही चकचकीत. पण मुंबई-पुण्यात जे मिळते त्यासाठी इतका प्रवास कशाला, हा प्रश्न तिथे उरतोच. प्रातुनामची गोष्ट वेगळी. इथल्या कपड्यांच्या घाऊक बाजारात तीन नग घेतले की भाव उतरतो, आणि इंद्रा मार्केटचे नाव भारतीय सहलीवाल्यांच्या तोंडी पाठ असते.

मॉलच्या गराड्यात, राचाप्रसोंगच्या चौकात, एरावान देवस्थान आहे. शेजारच्या हॉटेलच्या बांधकामात विघ्ने येऊ लागली म्हणून 1956 मध्ये ते उभारले. देव चतुर्मुख ब्रह्मदेव. भारतात ज्याची देवळे बोटांवर मोजावीत, त्याच्यापुढे इथे झेंडूच्या माळांचा खच पडतो, लाकडी हत्ती वाहिले जातात आणि नवस फेडायला नर्तकींचा नाच ठरवला जातो.

या भागाखालीही जुने पाणी वाहतेच आहे. सेन सेप कालव्यातल्या लांबट होड्या प्रातुनामला थांबतात. शिंतोडे चुकवायला उतारू ताडपत्री वर ओढतात, तर तिकिटे देणारे होडीच्या बाहेरच्या कडेवरून तोल सांभाळत चालतात. याच कालव्याकाठी जिम थॉम्प्सन या अमेरिकनाचे घर आहे, जुनी सागवानी घरे आणून जोडलेले. पलीकडच्या बान ख्रुआतल्या मुस्लिम विणकरांचे रेशीम त्याने जगभर नेले. 1967 मध्ये मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला तो परतला नाही.

शनिवार-रविवारचा चातुचाक बाजार पूर्वी राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर भरत असे. राजधानीला दोनशे वर्षे होत असताना, 1982 च्या सुमारास, मैदान मोकळे करण्यासाठी तो शहराच्या उत्तरेला रेल्वेच्या जमिनीवर नेला गेला. राजवाड्याजवळून बाजार पुन्हा एकदा उठवला गेला. चातुचाकला आता हजारो गाळे आहेत: रोपे, मातीची भांडी, जुने कपडे, पुस्तके. आवडलेली वस्तू तिथेच घ्यावी, कारण फिरून तो गाळा सापडत नाही. दमून थांबायचे तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी.

पाण्यावरचा बाजार पाहण्यासाठी सहली सुमारे शंभर किलोमीटरवरच्या दामनोएन सादुआकला नेतात. तिथल्या होड्या आता मुख्यतः छायाचित्रांसाठी चालतात. थोनबुरीतला तालिंग चानचा बाजार लहान आहे, पण तिथे घरचे लोक जेवायला येतात. 2018 मध्ये नदीच्या पश्चिम काठावर उघडलेल्या आयकॉनसयाम मॉलने तळमजल्यावर घरातल्या घरात पाणी खेळवून तरंगता बाजार उभारला आहे. हे सोंग ठीक, पण काचेबाहेर खरी नदी वाहत असते आणि नारिंगी झेंड्याची होडी थोड्या पैशांत तिच्यावरून दूरवर नेते.

मोठ्या दुकानांतल्या खरेदीवरच्या सात टक्के करातला काही भाग परत मिळतो. त्यासाठी अर्ज दुकानातच भरून घ्यावा आणि विमानतळावर सामान देण्याआधी दाखवावा. राजवाडा सकाळी उघडताच गाठावा, फुलबाजार रात्री. हाती तीनच दिवस असतील तर मॉल सोडून द्यावेत, आणि विमानाचे तिकीट असे काढावे की त्यातला एक शनिवार किंवा रविवार असेल.