अंगणातली दुर्बीण आणि एकेक डोळा

दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या माणसाने रात्री आकाश कशासाठी न्याहाळावे, असे परभणीत मला अनेकजण विचारतात. दवाखाना बंद झाल्यावर मन निवविणारा याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही, एवढेच माझे उत्तर.

माझी दुर्बीण लहान आहे. भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर. तरीही तिच्यातून शनीची कडी दिसतात आणि गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे चार चंद्रही दिसतात. चंद्र मात्र पौर्णिमेला नव्हे, शुद्ध अष्टमीच्या सुमारास पाहावा. तेव्हा तिरप्या उन्हाने विवरांच्या सावल्या लांबतात. ज्यांनी लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहिले आहे, त्यांना आकाशातून आलेल्या आघाताची ही खूण ओळखीची वाटेल.

दुर्बिणीआधी डोळे सिद्ध व्हावे लागतात. अंधाराला सरावण्यास दृष्टिपटलातील पेशींना वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाईलकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते. म्हणून बॅटरीवर लाल कागद लावावा. मात्र अर्धा तास थांबूनही इतरांना दिसणारे तारे तुम्हाला दिसत नसतील, किंवा रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर डोळे अवश्य तपासून घ्यावेत. त्यामागे मोतीबिंदू, काचबिंदू, ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव किंवा दृष्टिपटलाचा विकार असू शकतो.

दुर्बिणीचा आणखी एक गुण मला अंगणातच उमगला. ती एका वेळी एकाच डोळ्याला काम देते. शेजारची नऊ वर्षांची मुलगी शनी पाहायला आली होती. उजव्या डोळ्याने तिने कडी लगेच ओळखली. प्रत्येक मुलाला दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहायला लावण्याचा माझा परिपाठ आहे. डाव्या डोळ्याने पाहताच ती म्हणाली, “काका, नुसता डाग दिसतोय.” साधा जवळचा वा दूरचा नंबर असेल, तर फोकस फिरवून चित्र स्वच्छ होते. येथे कितीही फिरवले तरी डाग तो डागच राहिला.

तिच्या वडिलांना पटेना. “डॉक्टरसाहेब, फळ्यावरचं सगळं वाचते की ती!” वाचत होती, पण एकट्या उजव्या डोळ्याच्या बळावर. नेत्रतज्ज्ञांनी निदान केले: आळशी डोळा. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला, की मेंदू अस्पष्ट चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. मूल तक्रार करीत नाही, कारण जग असेच दिसते अशी त्याची समजूत असते. चष्मा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा उपचार जितका लवकर तितका फलदायी. सात वर्षांच्या आत सर्वोत्तम, त्यानंतरही प्रयत्न सोडू नये. वर्षभरात तिची दृष्टी बरीच सुधारली, पूर्ण नव्हे. चार वर्षे आधी कळले असते, तर कदाचित पूर्ण सुधारली असती.

ही परीक्षा दुर्बिणीवाचूनही घेता येते. चैत्र-वैशाखात सायंकाळनंतर उत्तरेकडे सप्तर्षी उंच असतात. विवाहात वधूवरांना जी अरुंधती दाखवितात, ती वसिष्ठाच्या अगदी शेजारी आहे. एकेक डोळा झाकून ती दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी दिसते का, हे मुलांना विचारा. दिसली म्हणजे डोळे निर्दोष, असे मात्र समजू नका. एकाच डोळ्याला दिसली नाही, तर नेत्रतज्ज्ञ गाठा.

दोन पथ्ये पाळा. अंगणात अनवाणी जाऊ नका. आपल्याकडे विंचूकाट्याचे भय आहे. आणि दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका, क्षणार्धात दृष्टी कायमची जाते. दिवसा ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. रात्री मात्र ती त्यांच्या हाती अवश्य द्या, आणि पाहताना दोन्ही डोळ्यांची पाळी येऊ द्या.