घाटावरील काळें वस्त्र

जुनें छायाचित्र हातीं आलें कीं त्यांत काय दिसतें तें आपण प्रथम पाहतों. तें कशाचें व कसें घडलें, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. परंतु एखादे वेळीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्यांतच दडलेलें असतें.

आमच्या घरीं देवघराच्या फडताळांत नाशिकच्या गोदाघाटाचें एक पिंगट छायाचित्र आहे. दगडी पायऱ्या, मागें काळ्या पाषाणाचीं देवळें, वर पांढरेंफटक आकाश, आणि खालच्या पायरीवर डोईवरून पदर घेऊन बसलेली काळ्या वस्त्रांतील एक स्त्री. ही आमची खापरपणजी, चंद्रकळा नेसलेली, असें घरांत परंपरेनें सांगतात. ती सौभाग्यपणीं निवर्तली; म्हणून अविधवानवमीस चित्र बाहेर काढून तिला काचेवरूनच कुंकू लावण्याचा परिपाठ आहे.

चित्राचा कागद अगदीं पातळ, म्हणूनच जाड पुठ्ठ्यावर डकविलेला आहे. ही तऱ्हा १८५० सालीं फ्रान्समध्यें ब्लांकार-एव्रार यांनीं पुढें आणली. अंड्याच्या पांढऱ्या बलकांत मीठ मिसळून तो कागदास देत, मग कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावावर तरंगवीत, आणि काचेखालीं दाबून उन्हांत छापीत. आमच्या सोवळ्याच्या फडताळांत अंडें शिरलें तें असें!

ती कांच म्हणजे उलटी छबी. इंग्लंडांतील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं १८५१ सालीं कांचेवर कलोडियनचा थर देण्याची कृति प्रसिद्ध केली. थर ओला आहे तोंच, म्हणजे थोड्या मिनिटांत, चित्र घेऊन धुवावें लागे. त्यामुळें छायाचित्रकार जाई तेथें काळोखा तंबू ठोकी. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्यांत वाहत्या गोदेचें धुकें झालें आणि चालतीं माणसें नाहींशीं झालीं. घाट ओस नव्हता. स्थिर राहिलीं तेवढींच उरलीं.

आणखी एक गोष्ट आहे. कलोडियनला निळा-जांभळा प्रकाश जाणवतो, तांबडा जवळजवळ जाणवतच नाहीं. म्हणून निळें आकाश पांढरें होतें व तांबडें वस्त्र काळें उमटतें. अर्थात् सुवासिनीची काळी चंद्रकळा आणि विधवेचें तांबडें आलवण या चित्रांत सारखींच! पदराखालीं केस आहेत कीं नाहींत, तेंही कळत नाहीं. आणि क्षेत्राच्या घाटावर त्या काळीं आलवणांतील स्त्रिया काय थोड्या होत्या?

हें घरांत सांगावें कीं नाहीं, याचा मीं बरेच दिवस विचार केला. जिचें कुंकू समाजानें पुसलें, तिलाच आपण अजाणतां लावीत असलों, तर तें पुन्हा काढून घेण्याचा अधिकार मला तरी वाटेना. अखेर आत्यास सांगितलें. ती कांहीं वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ती आपली नसेल, तर तिला आठवणारें कोणी आहे कीं नाहीं कोण जाणे. नवमीचें कुंकू असूं दे. सर्वपित्रीसही तिच्यापुढें पान मांडीत जाऊं."

गेल्या भाद्रपदापासून तसें चाललें आहे. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मीं शिसपेन्सिलीनें एवढेंच लिहून ठेविलें : 'पायरीवरील स्त्री. वस्त्र काळें किंवा तांबडें.'