घसा बसला तेव्हा

पडशाला औषध घेतले तर ते सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर एका आठवड्यात, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. पण शिक्षकाला पडशापेक्षा घशाची काळजी जास्त. आवाज हेच आमचे भांडवल. यंदा फेब्रुवारीत माझा आवाज पार बसला आणि पहिलीचा वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून मला आठवडाभर घरी राहावे लागले.

डॉक्टर म्हणाले, हा विषाणूचा आजार आहे, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. वाफ घ्या आणि बोलू नका. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, जोशांदा उकळला. उन्नाब, सपिस्तान, मुलेठी, गुलबनफ्शा. शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि वासावरूनच म्हणाल्या, "ज्येष्ठमध घातलाय ना?" अम्मींची मुलेठी म्हणजे काकूंचा ज्येष्ठमध आणि सपिस्तान म्हणजे भोकर. औषध एकच, नावे दोन.

बोलणे बंद झाले तसे ऐकणे वाढले. आमची लेक येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. दादी दूध घेऊन मागे लागली की ती म्हणते, "नक्को दादी, मेरेकू वोहीच खाना होना." तीच काकूंच्या ओट्यावर जाऊन म्हणते, "काकू, मला नको, मी आत्ताच जेवले." अंथरुणात पडल्या पडल्या मी हे ऐकत होते. दखनीतले 'नक्को' हे मराठी 'नको'. 'वोहीच'मधला 'च' हाही मराठीचाच.

देवघेव दुसऱ्या बाजूनेही झाली आहे. माझ्या रजेचा अर्ज यांनी मराठीत लिहून दिला. अर्ज, रजा, तब्येत, हजर, मंजूर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले. उर्दूत मात्र रजा म्हणजे संमती. सुटीला आम्ही रुखसत म्हणतो. शब्द इकडे आला आणि इथला होऊन गेला. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश काढला. एवढ्या शब्दांसाठी कोश लागावा, यावरूनच ही देवघेव किती मोठी होती ते कळते.

त्याच आठवड्यात लेकीच्या प्रवेशाचा विषय निघाला. यांचे म्हणणे, इंग्रजी माध्यम. "तुझ्या शाळेतले शिक्षकसुद्धा आपली मुले उर्दूत घालत नाहीत," असे ते म्हणाले. ते खरे आहे. पुढे नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी लागते, हेही खरे आहे. एरवी मी तावातावाने बोलले असते. या वेळी पाटी घेऊन उत्तर लिहिले: 'आधी तिला समजू दे, मग इंग्रजी शिकू दे.'

पहिलीच्या वर्गात रोज दिसते ते एवढेच. मुलाच्या तोंडी असलेला शब्द पुस्तकात भेटला की त्याचा चेहरा उजळतो. न भेटला तर ते पाठ करते, पण समजत नाही. पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे. आमच्या घरची दखनी ना पुस्तकी उर्दू, ना मराठी. पण या दोन्ही भाषा तिला एका पावलावर आहेत. इंग्रजीपर्यंतची वाट लांब आहे. ती चालायला घरून बळ घेऊन निघावे.

यांनी दोन दिवस विचार केला. शेवटी ठरले, उर्दू माध्यम. मराठीची गोष्टींची पुस्तके मी घरी वाचून घ्यायची आणि इंग्रजी यांनी. अर्जात 'मातृभाषा' असा रकाना होता. माझ्या वर्गाच्या नोंदीत या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'उर्दू' असते. लेकीच्या नावापुढेही तेच लिहिले. दखनीला रकाना नाही.

सोमवारी शाळेत गेले. आवाज अजून घोगराच होता. एका मुलाने खडू परत करत म्हटले, "मेरेकू नक्को." मी फळ्यावर उर्दू लिपीत तीन शब्द लिहिले: नक्को, नहीं चाहिए, नको. वर्गाला विचारले, "यातला कोणता कोण बोलते?" चाळीस हात वर झाले आणि सगळे एकदम बोलू लागले. मला बोलावे लागलेच नाही.