झाकणाचं भोक

सोयाबीन पेरायची तर आधी पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस होऊन वाफसा आला की हातात मोजकेच दिवस उरतात. इंझोरीच्या आसपास बरीचशी शेती पावसाच्याच भरवशावर आहे, त्यामुळे त्या दिवसांत रस्त्यावर उभं राहून बोलायलाही कोणाला सवड नसते. नेमका तेव्हाच आमचा ट्रॅक्टर बंद पडायला लागला.

ट्रॅक्टर अब्बांनी जुनाच विकत घेतला होता. ते गेल्यावर अनेकांनी विकून टाक म्हटलं, पण माझा जीव झाला नाही. त्याच्यावरचे ड्रायव्हरभाऊही अब्बांच्याच वेळचे. ट्रॅक्टरचा आवाज बदलला की घरात बसलेल्या अब्बांच्या आधी त्यांना कळायचं.

दुखणं विचित्र होतं. सकाळी ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू व्हायचा. तासभर पेरणी झाली की धापा टाकायचा आणि शेताच्या मधोमध थांबायचा. मिस्त्री आले. म्हणाले, एअर पकडतोय. त्यांनी फिल्टर बदलले, नळीचे तांब्याचे वायसर बदलले, स्क्रू ढिला करून बुडबुडे काढले. त्यांच्यासमोर गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते म्हणाले, मोठा डिझेल पंप खोलून कारंजाला न्यावा लागेल, वीस-पंचवीस हजार धरून चाला. आणि जाता जाता सहज विचारलं, "डिझेल कुठून भरता? पाणी-बिणी तर नाही ना त्यात?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. डिझेल आणायचे भाऊ, टाकीत ओतायचे भाऊ. संध्याकाळी चहाच्या टपरीवर, चार माणसांसमोर मी बोलून गेलो, "डिझेल विकून त्यात काही मिसळलं असेल तर आताच सांगा, पंपाचा खर्च तरी वाचेल."

भाऊंनी खिशातून किल्ली काढून बाकड्यावर ठेवली. "सकाळी चालते अन् तासाभरानं थांबते, हे म्या तुमाले तीनदा सांगतलं, भाई. तुमी आयकलंच नाही." एवढंच म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रॅक्टरवर बसलो. तासाभरानं धुऱ्याजवळ तो थांबलाच. डिझेल किती उरलं ते पाहायला टाकीचं झाकण फिरवलं, तर सूंऽऽ करून आत हवा ओढली गेली. झाकण तसंच ढिलं ठेवून, हातपंप चार वेळा मारून स्टार्टर दिला. ट्रॅक्टर सुरू झाला आणि दुपारपर्यंत थांबला नाही.

डिझेल इंजिनकडे गेलं की तेवढी हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. मोटरसायकलच्या टाकीचंही तेच तत्त्व. आमच्या झाकणाचं भोक कुंभारीण माशीनं चिखलानं लिंपून टाकलं होतं. उन्हाळाभर ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा होता, तेव्हाचं ते काम. भाऊ रोज सकाळी डिझेल भरायला झाकण उघडायचे, म्हणून सकाळी गाडी चालायची. मिस्त्रीही झाकण उघडूनच तपासायचे. भाऊंनी तीनदा सांगितलेल्या गोष्टीतच उत्तर होतं.

अम्मीकडून गोधडीची सुई घेतली, भोक मोकळं केलं. खर्च शून्य.

सूरह अल-हुजुरातमध्ये जास्त गुमान करण्यापासून दूर राहायला सांगितलं आहे. हे मी लहानपणी मदरशातच शिकलो होतो. माणसाचा हक्क मारला तर नुसत्या तौबेनं भागत नाही, त्या माणसाकडून माफी घ्यावी लागते, हेही शिकलो होतो. तरी भाऊंच्या दारापर्यंत जायला मला दोन दिवस लागले.

त्यांनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा म्हणाले, "सुईनं केलं ना साफ? तार घातली तर भोक मोठं होते, मग पाणी जाते." मग थोडं थांबून, "भाई, तुमी टपरीवर बोलले होते."

जुम्याच्या नमाजनंतर मी टपरीवर गेलो. त्या चौघांपैकी तिघे होते. चूक माझी होती, डिझेल चोख होतं, असं त्यांच्यासमोर सांगितलं. चौथ्याला त्याच्या शेतात जाऊन सांगितलं.

सोमवारी भाऊ कामावर आले. उरलेली पेरणी वेळेत झाली, अल्हम्दुलिल्लाह.

पण तेव्हापासून ते सकाळी टाकीत काडी बुडवतात आणि डिझेलची ओली खूण मला दाखवतात. संध्याकाळी पुन्हा दाखवतात. मी म्हटलं, भाऊ, याची गरज नाही. ते मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी काडी घेऊन पुन्हा दारात उभे असतात.