तोंड हलतंय, माणूस स्थिर

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला काय काय होऊ शकतं याचा एक तक्ता आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लावलेला आहे. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, गुडघे आहेत. ॲनिमे नाही. मला नेमकं तेच झालं.

"ॲनिमे म्हणजे ती जपानी कार्टून्सच ना?" असं मी एकदा आमच्या कन्येला विचारलं होतं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी त्याआधी एकदाच पाहिली होती. गाण्याच्या मैफलीत, भैरवी चालू असताना मी वडापावचा कागद चुरगाळला तेव्हा. पुढे कन्या अभ्यासाला लागली आणि तिनं लावून दिलेलं व्यसन माझ्या गळ्यात राहिलं. आता रात्री साडेदहाला सोसायटीतले माझे समवयस्क बातम्या बघून रक्तदाब वाढवत असतात, तेव्हा मी बशीएवढे डोळे आणि टिंबाएवढं नाक असलेल्या मंडळींच्या सुखदुःखात गुंतलेला असतो. सौभाग्यवती येताजाता पडद्याकडे पाहतात आणि "संपली का चित्रं?" एवढंच विचारून दिवा मालवतात.

नुसता बघत असतो तर गोष्ट वेगळी होती. पण मराठी माणूस नुसतं काही बघत नाही. त्याला मत होतं. माझी मतं एका दोनशे पानी वहीत आहेत.

आपल्याकडे खरीप आणि रब्बी. जपानी टीव्हीवर वर्षाला चार पिकं : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. प्रत्येक पिकात डझनांनी नव्या मालिका. बहुतेकींचे बारा-तेरा भाग झाले की मळणी. त्यात तणही भरपूर, आणि अलीकडे माजलंय ते पुनर्जन्माचं. एक साधासुधा माणूस, शक्यतो ट्रकखाली येऊन, मरतो आणि भलत्याच जगात जन्म घेतो. २०१८ सालच्या एका गाजलेल्या मालिकेत तो बुळबुळीत गोळा होऊन जन्मला. २०२३ साली तर एक गृहस्थ नाणं टाकल्यावर थंड पेयाची बाटली देणारं यंत्र होऊन जन्माला आले आणि त्याच अवस्थेत त्यांनी राक्षसांशी दोन हात (हात नव्हतेच, पण तरी) केले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची मोजदाद करणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही ही योनी सुचली नव्हती. मी वहीत शेरा मारला, "कल्पना बरी. सुटे परत मिळत नाहीत." आणि मालिका शेवटपर्यंत पाहिली.

जुन्या मालिकांचे दोष वेगळे. 'ड्रॅगन बॉल झी' १९८९ ते १९९६ चालली. तिच्यातला खलनायक एका प्रसंगी जाहीर करतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं आठवड्यांमागून आठवडे चालली. कारण सरळ आहे. मूळ चित्रकथा साप्ताहिकात क्रमशः येत होती आणि मालिका तिच्या टाचेवर पाय देऊ लागली की नायकाला एकेका गुद्द्यासाठी भागभर दम खायला लावायचे. कन्येच्या मैत्रिणी याला हसतात. मी हसत नाही. १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त दोन बाण निघाल्यापासून आकाशात एकमेकांना भेटेपर्यंत आमच्याकडे चहा होऊन यायचा.

पण जुन्यांत माझं खरं दैवत 'साझाए-सान'. माचिको हासेगावा या बाईंच्या वर्तमानपत्री चित्रमालेवरून ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेली ही मालिका २०२५ सालीही रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागत होती. नायिका साझाए म्हणजे शंखातला एक प्राणी, धाकट्या भावाचं नाव एका माशाचं, बहिणीचं समुद्री शेवाळाचं. सगळं कुटुंब मासळीबाजारातून पिशवीत घालून आणल्यासारखं. त्यात जावई सासरी राहतो आणि तरीही सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. एवढी एकच गोष्ट मला जरा अद्भुत वाटते. बाकी राक्षस नाही, तलवार नाही. चप्पल हरवते, सापडते. आणि कुणी म्हातारं होत नाही. धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत होता, अजून पाचवीतच आहे. ही मालिका संपली की उद्या सोमवार, या जाणिवेनं पोटात जो गोळा येतो त्याला जपानी लोकांनी साझाएबाईंचंच नाव दिलंय. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.

कचेरीवरून अण्णा आठवले. आमच्या घरातलं ॲनिमेचं पहिलं परीक्षण त्यांचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'मोगली' लागायचं. मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं लिहिलेली सिवनीच्या जंगलातली गोष्ट, जपान्यांनी ती बावन्न भागांत काढलेली, आणि वाघाच्या तोंडी नाना पाटेकर. यातलं जपान आम्हांला ठाऊकच नव्हतं. अण्णा सरकारी खात्यात कारकून. रविवारी ते खुर्चीत पेपर उघडून त्याच्या मागे बसत आणि मधूनच पेपर खाली करून म्हणत, "अरे, हलतंय कुठं हे? तोंड हलतंय, माणूस स्थिर. असे आमच्या कचेरीत शंभर बसलेत."

एकदा मे महिन्यात मी कोकणात मामाकडे गेलो. मामाकडे टीव्ही नव्हता, त्यामुळे चार रविवार बुडाले. परत आलो तर अण्णांनी चारही भागांची गोष्ट मला सांगितली, शेरखानाच्या डरकाळीसकट. "तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं. "छे! मला काय उद्योग नाहीत? हेडक्लार्कच्या मुलानं सांगितलं."

अण्णांच्या त्या शेऱ्यातलं शहाणपण मला फार उशिरा कळलं. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुकांचा 'ॲटम' हा यंत्रमानव-मुलगा जपानी टीव्हीवर आला, तेव्हा दर आठवड्याला एक भाग द्यायचा होता आणि पैसा तुटपुंजा होता. मग चित्रंच कमी काढायची. चेहरा तोच ठेवून ओठ तेवढे बदलायचे, धावण्याची चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरायची. आमच्या आईनं जुन्या साडीची गोधडी करावी, त्यातला प्रकार. पण पुढच्या चांगल्या मंडळींनी या काटकसरीचीच रीत केली. माणूस स्थिर ठेवायचा आणि बघणाऱ्याला त्याच्याकडे बघत बसू द्यायचं.

'फ्रीरेन' अशीच आहे. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. बहुतेक मालिका राक्षसाच्या वधानं संपतात, ही तिथून पुढे सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगलेली एक चेटकीण तीन सोबत्यांबरोबर दहा वर्षं हिंडलेली असते. तिच्या आयुष्यात दहा वर्षं म्हणजे सुट्टीतला एखादा आठवडा. ती "भेटू" म्हणून निघून जाते आणि पन्नास वर्षांनी परत येते तेव्हा त्यातला नायक म्हातारा झालेला असतो, आणि लवकरच जातो. त्याच्या अंत्यविधीला ती कोरडी उभी असते. मग एकदम रडते. आपल्याला या माणसाबद्दल काहीच माहीत नाही, आपण माहीत करून घ्यायचा प्रयत्नही केला नाही, म्हणून.

अण्णांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या रात्री वहीत मी काहीच लिहिलं नाही. सौभाग्यवतींनी "संपली का चित्रं?" विचारलं नाही आणि दिवाही मालवला नाही.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेलो. ती शेंगा सोलत होती. मी सहज म्हणालो, "आई, अण्णांच्या त्या हेडक्लार्कचा मुलगा हल्ली कुठं असतो गं? मला मोगलीच्या गोष्टी त्यानं पाठवल्या होत्या."

"हेडक्लार्कचा?" आई म्हणाली. "त्यांना मुलगा कुठला? दोन मुलीच. दोघींच्या लग्नात आम्ही जेवून आलो, तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."