विमानाच्या पार्टला कागद, ट्रकच्या पार्टला काऊन नाही?

मागच्या आठवड्यात मिहानमध्ये माल उतरवायला नंबरात उभा होतो. गाडी सुरूच होती. मागचा ड्रायव्हर उतरून आला, म्हणाला, "काका, बंद करा ना, डोळे जळून राहिले आमचे." लाज वाटली. गाडी २०१२ ची, सहा सिलिंडर, साध्या पंपाची. काळा धूर, ॲव्हरेजही पडलेलं.

मिस्त्रीने घाई केली नाही. आधी एअर फिल्टर पाहिला, टायमिंग पाहिलं, मग सहाही इंजेक्टर काढून बेंचवर लावले. दोन तर फवाराच मारत नव्हते, नुसते गळत होते.

आता घ्यायचं काय? दुकानात तीन रस्ते. कंपनीचा नवा सेट. नाहीतर जुनी बॉडी ठेवून आत कंपनीचं नवं नोझल. आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त डबा. "सेम टू सेम आहे भाऊ." बिल? "बिल कशाला पाहिजे?"

असाच डबा मी तीन वर्षांआधी दुसऱ्या एका दुकानातून घेतला होता. चार महिन्यांत पिस्टन जळाला. बुटीबोरीजवळ गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला. वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट इंजिनात गेले, पोरीच्या कॉलेजची फी उधारीवर भरली. दुकानदाराने हात वर केले. कागदच नव्हता, भांडणार कशावर?

तेव्हा शिकलो ते सांगतो. नोझलवर बारीक नंबर कोरलेला असतो, जसं डीएलएलए १५० पी, पुढे आणखी आकडे. त्यातले १५० म्हणजे फवाऱ्याचा कोन, अंशांत. तो पिस्टनच्या वाटीशी जुळला पाहिजे. चुकला तर डिझेल भलतीकडे आपटते, ऑइलचा थर धुतल्या जातो, पिस्टन जळू शकतो. दिसायला मात्र दोन्ही नोझल जुळे भाऊ! म्हणून पूर्ण नंबर जुळवा. सहाही इंजेक्टरचं प्रेशर बेंचवर सारखं करून घ्या. तांब्याचा वॉशर नवा टाका, जुना भोकात चिकटलेला नाही ना ते पाहा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोडही कॉम्प्युटरमध्ये टाकावा लागतो.

यावेळी मी दुसरा रस्ता घेतला. पक्कं बिल घेतलं, बेंचचे आकडे लिहून घेतले. धूर गेला.

आता मुद्दा. याच मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. तिथे कागदाशिवाय एक पार्ट विमानाला लागत नाही. आणि बाहेर रांगेतल्या ट्रकमध्ये काय बसवलं, कोणी विचारत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, फिटनेसवाला गाडी पाहतो. नकली पार्ट विकणारा मोकळाच.

इंजेक्टरसोबत पक्कं बिल आणि बेंचचा रिपोर्ट देणं दुकानदाराला सक्तीचं करा, ही मागणी आपल्या ट्रान्सपोर्ट संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर आपण तरी बिलाशिवाय डबा उचलू नये.

तुमच्यासोबत असं झालं असेल तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, पार्ट कोणता आणि नुकसान किती, तेवढं लिहा.