फडातला शीण

राहुरीत शीण दिवाळीच्या मागंपुढं उतरतो. पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोद्याकडून ट्रॅक्टर येतात, पाचटाच्या कोप्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो कामावर हजर. बारागाव नांदूरला मुळेवर धरण झालं, 26 टीएमसी पाणी अडलं, कालव्याखाली ऊस उभा राहिला. तो तोडायला हात आले ते कोरडवाहू मुलखातून, आणि त्या हातांना धरून हाही आला.

त्याला अंगाची सगळी वाट पाठ आहे. आधी बोटांत शिरतो, कोयत्याची मूठ तिथं असते. साखर बुडख्यात जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. दर घावाला वाकावं लागतं, मग तो कमरेत उतरतो. पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोंचं ते ओझं डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. इथं तो मानेत बसतो. फळी लवते तेव्हा त्याचा चेहरा जवळून पाहावा: दातांत पदराचं टोक, नजर पुढच्या वीतभर जागेवर, श्वास कोंडलेला. मोळी पडली की श्वास सुटतो, आणि बाई लगेच खाली उतरायला लागते.

गोव्यात त्याला पुरासाण म्हणतात, कानडीत दणिवु. संस्कृतातला श्रम तर कष्टही आणि कष्टाचा शीणही. आम्ही लिहिणारे-वाचणारे ‘मी दमलो’ म्हणून पंख्याखाली बसतो. फडात हा ‘मी’ मी फारसा ऐकलेला नाही. तिथं पाय भरून येतात, कंबर धरते, अंग आंबतं. ‘जाऊबाई, हात गळाले गं,’ असं म्हणून त्याच हातांनी दुसरी मोळी बांधायला घेतात. मला वाटतं, ‘मी दमले’ म्हटलं की बसावं लागेल. आणि बसलं की खाडा, म्हणजे त्या दिवसाची कपात.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधीची आगाऊ उचल त्या कोयत्यावर, हिशेब त्या कोयत्याचा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला; असा दर सहसा संप आणि वाटाघाटींनंतरच वाढतो. पण ती वाढही कोयत्याला मिळाली. तिच्या वाट्याचा टन कुठला, हे वजनकाटा सांगत नाही. कोपीवर परतल्यावर नवऱ्याचा शीण बाजेवर टेकतो, तिचा चुलीपुढं उभा राहतो. भाकरी होतात, भांडी होतात, लेकरू झोपतं, तोवर गाडी भरायची हाक येते. मला याचा राग येतो. वहीत दोन नावं लिहायला आणि तिचे पैसे तिच्या खात्यावर घालायला कुठली मोठी यंत्रणा लागते? पाळीत, बाळंतपणात खाडा न लावायला तरी काय लागतं?

उन्हं चढली, कारखाना बंद झाला की ट्रॅक्टर गावाकडं निघतात. शीण उतरायला तिकडं दोन-तीन महिने मिळतात, मग बाजरीची, कापसाची खुरपणी निघते. आणि हंगामात उचल फिटली नसेल, तर राहिलेले टन वहीच्या पुढच्या पानावर चढतात.